कस्टम लूप पुन्हा पुन्हा तापतो? पाणी बदलण्याआधी दोन फरक मोजा

तक्रार बहुतेक वेळा एकाच चालीची असते. हौसेनं पहिला कस्टम लूप, म्हणजे कॉम्प्युटर पाण्याने गार ठेवायची स्वतः जोडलेली यंत्रणा, बांधलेला असतो: पंप पाणी फिरवतो, चिपवरच्या ब्लॉकमध्ये ते उष्णता घेतं आणि पंखे लावलेल्या रेडिएटरमध्ये सोडतं. सुरुवातीचे काही आठवडे प्रोसेसर गार, ग्राफिक्स कार्ड गार, पंखे चालू आहेत की नाही ते वाकून बघावं लागतं. मग आकडे हळूहळू चढू लागतात. एक दिवस गेम रंगात आलेला असताना प्रोसेसर नव्वदीला टेकतो आणि फ्रेम गडगडतात. मालक जुनं पाणी काढतो, नवं भरतो. पुन्हा महिनाभर सगळं झकास. आणि मग अमळनेरहून मित्राचा फोन येतो, "भो, परत तापी ऱ्हायना!"

आपल्याकडे या तक्रारीला एक तयार उत्तर आहे: ऊन. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५च्या घरात जातो, तिथे कॉम्प्युटर तापला तर नवल काय? हे उत्तर अर्धं खरं आहे आणि म्हणूनच त्रासाचं आहे. उन्हाच्या नावाखाली लूपमधले खरे दोष महिनोन्महिने खपून जातात. उलट कधी काहीच बिघडलेलं नसतं आणि माणूस भर दुपारी सगळं मशीन खोलून बसतो. दोन्ही टाळायचं असेल तर प्रोसेसरचा एकटा आकडा बघणं आधी सोडा.

तीन तापमानं, दोन वजाबाक्या

रेडिएटरमधून जाणारी हवा खोलीतलीच असते. त्यामुळे लूपमधलं पाणी खोलीपेक्षा गार कधीच होत नाही, थोडं गरमच राहतं. आणि चिप त्या पाण्यापेक्षा गरम राहते. म्हणून तीन ठिकाणी मोजायचं: रेडिएटरमध्ये शिरणारी हवा, लूपमधलं पाणी आणि चिप. पाण्यातून हवा वजा केली की पहिला फरक, चिपमधून पाणी वजा केलं की दुसरा. लोड तोच, पंख्यांचा आणि पंपाचा वेग तोच ठेवला तर हे दोन्ही फरक जानेवारीत आणि मे महिन्यात जवळजवळ सारखेच यायला हवेत.

समजा, मशीनमध्ये रायझन ७ ५८००एक्स आणि आरटीएक्स ३०८० आहे. प्रोसेसर पूर्ण ताणावर १४२ वॉटपर्यंत घेतो, कार्ड ३२० वॉट; म्हणजे साडेचारशेच्या वर वॉट उष्णता पाण्यात. जानेवारीत हवा २२, पाणी ३३, प्रोसेसर ६८. फरक ११ आणि ३५. मे महिन्यात हवा ३९, पाणी ५०, प्रोसेसर ८५. आकडा बघून छातीत धस्स होतं, पण फरक तेच, ११ आणि ३५. लूप ठणठणीत आहे, उन्हाळा आहे इतकंच. काही उघडू नका. याच मे महिन्यात पाणी ५८ दाखवत असेल तर पहिला फरक १९वर गेला. उष्णता पाण्यात येतेय पण पाण्यातून बाहेर जात नाही. रेडिएटर आणि पंखे तपासा. आणि पाणी ५०लाच असताना प्रोसेसर त्याच्या ९० अंशांच्या मर्यादेला धडकून वेग कमी करत असेल तर दुसरा फरक वाढलाय. उष्णता चिपमधून पाण्यात शिरतच नाही. दोष ब्लॉकमध्ये, चिप आणि ब्लॉक यांच्या मधल्या पेस्टमध्ये नाहीतर प्रवाहात.

पाण्याचा सेन्सर फिटिंगच्या आट्यांमध्ये बसणारा, दोन तारांचा, फार महाग नसलेला मिळतो. बऱ्याच मदरबोर्डवर त्याच्यासाठी दोन पिनांची जागा असते. नसेल तर छोट्या डिस्प्लेसकट येणारा घ्या. पहिल्यांदा लूप बांधणारे चमकणाऱ्या फिटिंगवर खर्च करतात आणि हा सेन्सर वगळतात. माझ्या मते उलट करावं. हवेचं तापमान भिंतीवरच्या थर्मामीटरवर बघू नका, रेडिएटरच्या तोंडाशी मोजा. कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यात कोंबलेलं असेल तर तिथली हवा खोलीपेक्षा बरीच गरम निघते आणि निम्मा उलगडा तिथेच होतो. चिप काही सेकंदांत तापते, पण एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४.१८ किलोज्यूल लागतात, शिवाय रेडिएटरचं तांबं-पितळही तापायचं असतं. म्हणून लोड निदान अर्धा तास चालू द्या आणि मग आकडे लिहून घ्या.

पाणी आणि हवा यांतला फरक वाढला असेल तर

पंखा काढा. बाहेरून बघून रेडिएटर स्वच्छ आहे असं म्हणू नका, कारण कचरा पंखा आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बसतो. आपला मुलूख कापसाचा. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाल्या की हवेत तंतू असतातच, आणि भाव येईल म्हणून घरातच कापूस भरून ठेवलेला असेल तर विचारायलाच नको. हे तंतू धुळीसारखे आरपार जात नाहीत. फिन्सवर, म्हणजे रेडिएटरच्या पातळ पत्र्यांवर, आडवे बसतात, त्यांच्यावर धूळ बसते आणि नमद्यासारखा थर तयार होतो. ब्लोअरने उलट्या बाजूने हवा मारली की तो अख्खा थर निघून येतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या जोराने भलत्या वेगाने फिरलं तर बेअरिंग जातं. रेडिएटर घेताना फिन्स फार दाट असलेला घेऊ नका. कागदावर तो भारी दिसतो, पण दाट फिन्सना जोरकस पंखे लागतात आणि कापसाच्या तंतूंना ते आयतंच जाळं मिळतं.

थर नसेल तर पंख्यांची दिशा बघा. वरचा रेडिएटर बाहेर हवा फेकणारा आणि पुढचा आत घेणारा असेल, तर पुढच्या रेडिएटरची तापलेली हवाच वरच्याला मिळते. मशीन चालतं, पण फरक दोन-चार अंशांनी वाढलेला राहतो. आणि मुळात रेडिएटर पुरेसा आहे का? ढोबळ हिशोब असा की १२० मिलिमीटरच्या एका पंख्याइतक्या रेडिएटरमागे साधारण १०० वॉट. वरच्या मशीनला ३६० आणि २४०ची जोडी, म्हणजे पाच पंख्यांची जागा लागते. एकट्या ३६०वर दोन्ही भागवणारे डिसेंबरात खुशीत असतात.

डेझर्ट कूलरबद्दल नेहमी विचारलं जातं. कूलरच्या दमट हवेने लूपवर दव धरेल का? नाही. दव धरायला पृष्ठभाग हवेच्या दवबिंदूखाली जावा लागतो, आणि आपलं पाणी तर खोलीपेक्षाही गरम आहे. कोरड्या मे महिन्यात कूलरने खोली गार केली की लूपचे तिन्ही आकडे तितकेच खाली येतात. मात्र कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर नको. कूलरमध्ये बोअरचं पाणी असतं, त्याचे बारीक तुषार उडतात आणि सुकले की पांढरे क्षार मागे राहतात. ते मदरबोर्डवर नकोत. धाब्याचं जुनं घर असेल तर खालची खोली मशीनला उत्तम, दुपारीही त्यातल्या त्यात गार राहते; फक्त वरून माती झडते, तेवढं कॅबिनेटवर जाळीचं फिल्टर हवं.

चिप आणि पाणी यांतला फरक वाढला असेल तर

पाणी बदललं की बरं वाटतं आणि महिन्याने पुन्हा तेच, ही तक्रार नव्वद टक्के वेळा इथली. ब्लॉकच्या आत तांब्याच्या पातळ फिन्स असतात, त्यांच्यामधल्या फटी मिलिमीटरच्या काही दशांशाएवढ्या. ठिबकवाल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही: मुख्य लाइन स्वच्छ दिसते आणि ड्रिपर बुजलेला असतो. लूपमध्येही रिझर्व्हायर, म्हणजे पाण्याची टाकी, काचेसारखा लख्ख दिसतो आणि ब्लॉकमध्ये गाळ अडकलेला असतो. पाणी काढता-भरताना थोडा गाळ हलतो, थोडी वाट मोकळी होते. पण गाळ तयार करणारी वस्तू लूपमध्येच राहते. ठिबकला देतात तशी अ‍ॅसिड ट्रीटमेंट मात्र लूपला द्यायची नाही. ओ-रिंग, निकेलचा मुलामा आणि पंप, तिघांचंही त्यात नुकसान आहे.

ब्लॉक उघडावाच लागतो. पाणी काढा, ब्लॉक चिपवरून सोडवा, स्क्रू थोडे थोडे, समोरासमोरचे सैल करा. आत एक पातळ पत्रा असतो, ज्याच्या फटीतून पाणी फिन्सवर पडतं. तो कुठल्या बाजूने बसवला होता त्याचा फोटो काढून ठेवा. उलटा बसला तर नवीन दुखणं सुरू. आणि लगेच ब्रश घेऊन घासू नका. आधी गाळ बघा, कारण कुठली वस्तू गुन्हेगार आहे ते गाळच सांगतो.

पांढरट किंवा फिकट हिरवट, बोटाला मेणासारखा चिकटणारा थर म्हणजे पारदर्शक पीव्हीसी नळीतून सुटलेलं प्लास्टिसायझर. नळी मऊ राहावी म्हणून पीव्हीसीत जे घालतात ते गरम पाण्यात हळूहळू बाहेर येतं, आणि पाणी जितकं गरम तितकं लवकर. म्हणून पुण्यातल्या मित्राच्या मशीनमध्ये वर्षभर टिकलेली नळी आपल्याकडे एका उन्हाळ्यात हात टेकते. अमळनेरच्या मशीनमध्ये तर लूपसाठी बनवलेली नळीच नव्हती. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती लेव्हल पाईप, हार्डवेअरच्या दुकानातून, मीटरवर घेतलेली. व्यास जुळला, क्लॅम्प लावले, गळती शून्य. गळती शून्य म्हणून कोणाला तिचा संशयही आला नाही. नळी नुसती धुरकट झाली म्हणजे प्लास्टिसायझरच असं मात्र नाही. पीव्हीसी थोडं पाणी शोषते आणि त्यानेही धुरकट दिसते. एक तुकडा कापून काही दिवस कोरड्या हवेत ठेवा. पुन्हा स्वच्छ झाला तर ते पाणी होतं. आतून चिकट, तेलकट राहिला तर नळी फेकायची. मऊ नळी हवी असेल तर काळी ईपीडीएम रबराची घ्या. आतलं रंगीत पाणी दिसत नाही, पण तुम्हाला गेम खेळायचाय की मत्स्यालय मांडायचंय?

हिरवा बुळबुळीत थर असेल तर शेवाळ. कॅबिनेट खिडकीजवळ आणि पाण्यात बायोसाइड, म्हणजे शेवाळ मारणारं औषध, नाही, हे त्याचं कारण. शेतकऱ्याच्या घरात बोर्डो मिश्रणासाठी आणलेलं मोरचूद असतं, आणि पूर्वी लूपमध्ये मोरचुदाचे थेंब घालायची पद्धत होतीही, त्यामुळे मोह होतो. घालू नका. लूपमध्ये कुठेही अ‍ॅल्युमिनियम असेल तर मोरचूद त्याला खाऊन टाकतं, आणि पाण्यात इतर इन्हिबिटर (धातू गंजू न देणारी द्रव्यं) असतील तर त्यांच्याशी त्याचं पटेल याची खात्री नाही. कूलंट बनवणाऱ्याने सांगितलेलं बायोसाइडच वापरा, सांगितलेल्या मापातच.

निळसर-हिरवी भुकटी, किंवा राखाडी-पांढरा जेलीसारखा गाळ म्हणजे धातू एकमेकांना खातायत. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात आले की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजतं. यावर पाणी बदलून काहीही होत नाही. अमळनेरला हेही होतं: दुसरा रेडिएटर जुन्या बंद पडलेल्या तयार कूलरचा काढून लावला होता. तसले तयार, सीलबंद कूलर बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर आणि तांब्याचा ब्लॉक घेऊनच येतात. त्यांच्या आत त्यासाठी खास द्रव असतो म्हणून चालतं. तो रेडिएटर काढून डिस्टिल्ड वॉटरच्या उघड्या लूपमध्ये लावला की ते संरक्षण संपलं. गाडीच्या भंगारातल्या रेडिएटरची आणि हीटर कोअरचीही बहुतेक वेळा हीच गत. चुंबक फिरवून उपयोग नाही, तो तांब्यालाही चिकटत नाही आणि अ‍ॅल्युमिनियमलाही. कोपऱ्यातला रंग जरा खरवडून बघा: पिवळं-तांबूस दिसलं तर ठीक, चांदीसारखं पांढरं दिसलं तर बाजूला ठेवा.

पांढरा, नखाने खरवडावा लागणारा कडक थर म्हणजे क्षार, म्हणजे नळाचं, बोअरचं किंवा आरओचं पाणी. आरओचं पाणी पिण्याचं आहे. त्यात क्षार कमी असतात, नसतात असं नाही. आरओच्या सर्व्हिसला येणाऱ्याकडे टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) असतो, त्यात बुडवून बघा: आरओच्या पाण्याला सहज पन्नास-शंभर दाखवतो, चांगल्या डिस्टिल्ड पाण्याला शून्याच्या आसपास. आपल्या गावांत सोयीचं म्हणजे बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड किंवा डीमिनरलाइज्ड वॉटर. फक्त कॅनवरचं लेबल नीट वाचा. त्याच फळीवर बॅटरीचं अ‍ॅसिड तशाच कॅनमध्ये असतं, आणि सुट्या बाटलीत ओतून दिलेलं तर घेऊच नका. नुसतं डिस्टिल्ड वॉटरही पुरत नाही, त्यात इन्हिबिटर आणि बायोसाइड लागतं. गॅरेजमधलं हिरवं कूलंट त्याला पर्याय नाही: ते घट्ट असतं, उष्णता कमी वाहून नेतं, विषारी असतं आणि त्यातल्या काहींमधल्या सिलिकेटचा जेलीसारखा गाळ होतो.

रंगाची पूड सापडली तर ती दुधी, अपारदर्शक कूलंटची. त्यात घन कण तरंगत असतात आणि ते कधीतरी खाली बसणारच. फोटोसाठी छान, पहिल्या लूपला मी कोणालाही सुचवणार नाही. आणि ब्लॉकमध्ये गडद, चिकट, अधूनमधून काळे कण असलेला मळ दिसला, तर तो नव्या रेडिएटरमधला डाख लावतानाचा फ्लक्स असण्याची दाट शक्यता. नवा रेडिएटर कोमट डिस्टिल्ड पाण्याने भरून, दोन्ही तोंडं बंद करून, जोरजोरात हलवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचा असतो. पहिल्यांदा बांधणारा हे वगळतो, कारण वस्तू नवी कोरी असते.

साफ करायला मऊ टूथब्रश, डिस्टिल्ड पाणी आणि भांड्याच्या साबणाचा थेंब. ब्लॉक उघड्या तांब्याचा असेल आणि काळवंडला असेल तर पातळ व्हिनेगरमध्ये काही मिनिटं चालतो. निकेलचा मुलामा असेल तर व्हिनेगर, लिंबू, चिंच काही नको. ब्लॉकचं झाकण किंवा रिझर्व्हायर अ‍ॅक्रिलिकचा असेल तर स्पिरिटने पुसू नका, बारीक तडे जातात आणि ते काही आठवड्यांनी दिसतात. ओ-रिंग खाचेत सपाट बसली आहे ना ते झाकण लावण्याआधी प्रकाशात बघा.

ब्लॉक आतून स्वच्छ निघाला तर संशय पेस्टवर. ग्राफिक्स कार्डात हे ओळखणं सोपं: सरासरी तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) यांत पंचवीस-तीस अंशांहून जास्त अंतर असेल तर ब्लॉक सरळ बसलेला नाही किंवा कार्डावर लावलेले थर्मल पॅड हवे त्यापेक्षा जाड आहेत.

परत भरताना

हवा अडकली तर सगळी मेहनत वाया जाते, आणि आठवड्याने पुन्हा "तापी ऱ्हायना". रिझर्व्हायर पंपाच्या वर असला पाहिजे; पंप कोरडा एक क्षणही चालवू नका. भरताना मदरबोर्डची आणि कार्डाची पॉवर केबल काढून फक्त पंपाला वीज द्या. एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायच्या, २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी तार कुठल्याही काळ्या तारेला जोडली की एसएमपीएस सुरू होतो. नव्या केबल सगळ्या काळ्या असतात, तेव्हा एसएमपीएससोबत येणारा किंवा वेगळा मिळणारा जम्परच वापरा. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा आणि कॅबिनेट पुढे, मागे, दोन्ही बाजूंना तिरकं करत राहा. रेडिएटरच्या कोपऱ्यातली हवा बसल्या जागी निघत नाही. पुढचे काही दिवस रिझर्व्हायरची पातळी थोडी खाली येईल, ती हवा बाहेर पडल्यामुळे. त्यानंतरही पातळी भराभर उतरत असेल तर गळती शोधा, आणि ती सुकून गेल्यावर मागे राहणारा पांढरा किंवा रंगीत डाग बघून शोधा, ओल क्वचितच सापडते.

पंपाचा वेग प्रोसेसरच्या तापमानाला बांधू नका. बायोसमध्ये तो स्थिर ठेवा. पंखे पाण्याच्या तापमानाला बांधा, नाहीतर ब्राउझर उघडला तरी ते घोंघावतात. खान्देशात पंख्यांची पूर्ण गती पाण्याच्या ५० अंशांना ठेवली तरी चालते, पण ६०ला मशीन आपोआप बंद व्हायलाच हवं. लूपमध्ये नेहमी वापरल्या जाणाऱ्या डी५ पंपाची मर्यादा साधारण तेवढीच असते आणि पीईटीजी प्लास्टिकच्या कडक नळ्या त्या पुढे फिटिंगमधून सैल होऊ शकतात. मे महिन्याच्या दुपारी खेळायचंच असेल तर कार्डाची पॉवर लिमिट ३२०वरून २६०-२७० वॉटवर आणा. फ्रेम थोड्याच कमी होतात, पाण्यातली उष्णता मात्र पन्नास-साठ वॉटने उतरते.

दुरुस्तीनंतरचे दोन्ही फरक कागदावर लिहून कॅबिनेटच्या बाजूच्या पॅनलला आतून चिकटवा. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी रेडिएटर साफ करताना पुन्हा मोजा, दिवाळीनंतर पुन्हा एकदा. दोन्ही फरक जागच्या जागी आहेत आणि तरी मशीन खेळता खेळता बंद पडतं, असं झालं तर लूपला हात लावू नका. संध्याकाळी सात-आठला, गावभर भार वाढलेला असताना, सॉकेटचं व्होल्टेज मोजा, अर्थिंग तपासून घ्या आणि एसएमपीएस दुसऱ्या मशीनमध्ये लावून बघा.